चिंचोक्याएवढा डोहाळा

आकाराम हवालदार रजेवर आला की त्याची काळी ट्रंक सोप्यात उघडायची आणि घरातल्या सगळ्यांनी तिच्याभोवती बसायचं, असा त्या घरचा रिवाजच होता. आईला ब्लँकेट, थोरल्या भावाला, जोतीरामला, दाढीचं सामान, तीन वर्षांच्या पुतणीला, चारूला, दोरीनं ओढायचं रबरी बदक. दुष्काळ सरल्याच्या पुढल्या वर्षी पौषात तो आला, तेव्हा ट्रंकेच्या तळातून त्यानं चंदेरी कागदात गुंडाळलेल्या चॉकलेटच्या वड्या काढल्या. जाड, लांब, प्रत्येकीवर चौकोन पाडलेले.

"मिलिटरी कँटीनचं हाय, वैनी. बाजारात मिळायचं न्हाई," असं म्हणून त्यानं सगळ्या वड्या भावजयीपुढं सारल्या.

प्रमोदिनीला तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. चॉकलेट तिला नवं नव्हतं. वाईहून सांगलीला बी.एस्सी. करायला आली तेव्हा वसतिगृहात मैत्रिणींच्यात वाटणीनं कधीमधी मिळायचं. पण त्या दिवशी एक चौकोन जिभेवर ठेवला, तो हळूहळू विरघळला, आणि इतके दिवस आपला जीव नेमका कशासाठी तगमगत होता ते तिला एकदम कळलं. दोन दिवसांत एक वडी संपली. दुसरी फोडली. तिच्या सासूबाई हरणाबाई कौतुकानं गावभर सांगत सुटल्या, "आमच्या सुनंला चाकलेटाचं डोहाळं लागल्यात." चिंच, कैरी आणि भाजकी माती एवढेच डोहाळे माहीत असलेल्या बायका पदराआड हसल्या.

पुढच्याच आठवड्यात तपासणीसाठी ती सांगलीला गेली, आणि डॉक्टरीणबाईंनी लघवीत साखर असल्याचं सांगितलं.

प्रमोदिनीला चारूचं बाळंतपण आठवलं. चारूच्या वेळी कुणी काही तपासलं नव्हतं. पोट मोठं दिसतंय, मूल चांगलं भरलंय, असं सगळे म्हणत राहिले. साडेनऊ पौंडांची चारू येता येता खांद्याशी अडकली. ओढून काढली तेव्हा तिचा डावा हात लुळा लोंबत होता. हरणाबाईंनी करडईच्या तेलानं तो सहा महिने चोळला, तेव्हा कुठं त्यात जीव आला. आता चारू त्याच हातानं बदक ओढायची. पण तिनं हात वर केला की प्रमोदिनीची नजर आपोआप जायची, पुरता वर जातोय ना.

"साखर आटोक्यात आली नाही तर इथं दाखल व्हायचं, बाळंत होईपर्यंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजेक्शनं द्यावी लागतील. पंधरा दिवस तुम्ही घरी करून बघा. ऊस, गूळ, साखर बंद. भात अगदी थोडा. भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक. आणि जेवलं की बसायचं नाही, चालायचं."

"आणि चॉकलेट?" तिनं खाली बघत विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "जीव अगदीच राहिला नाही तर जेवणानंतर चिंचोक्याएवढं. वर चालून यायचं."

घरी आल्यावर प्रमोदिनीनं सगळं सांगितलं, एवढा चिंचोका सोडून. ती स्वतःला ओळखून होती. चिंचोक्याचा चौकोन व्हायला आणि चौकोनाची वडी व्हायला तिच्या लेखी वेळ लागला नसता. शिवाय चारूला सोडून तीन-चार महिने दवाखान्यात पडून राहायचं, या विचारानंच तिला रडू येत होतं. तिनं उरलेल्या वड्या सासूबाईंच्या हवाली केल्या.

"आत्ती, हे तुमच्याजवळ ठेवा. मी मागितलं तरी द्यायचं नाही. एक तुकडासुद्धा नाही."

हरणाबाईंनी वड्या घेतल्या, पण त्यांचं तोंड उतरलं. "डोहाळं मोडू न्हाई गं पोरी. पोराची लाळ गळती जलमभर. ह्या आक्याच्या येळंला मला माहेरची बोरं खावी वाटली, जतेकडची. मालक म्हणलं, बोरासाठनं कोण जतंला जातंय. मग काय झालं? पाच वरीस लाळेरं बांधून फिरवला ह्याला."

रजा संपत आलेला हवालदार कोपऱ्यात बूट पुसत होता. त्यानं नकळत हाताच्या उलट्या बाजूनं ओठ पुसले आणि मग सगळे आपल्याकडं बघताहेत हे पाहून म्हणाला, "आयला, आता पलटणीत सांगू नका म्हंजी झालं."

"बघा," हरणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रमोदिनीनं चालायला सुरुवात केली, आणि चालणं वाटलं होतं तितकं सोपं नाही हे तिच्या ध्यानात आलं. पायांची तक्रार नव्हती. तक्रार गावाची होती. पोटुशी बाई रिकाम्या हातानं रस्त्यानं जाते म्हणजे काय? जो तो विचारायचा, कुठं निघाला? शेजारची राहीबाई तर दारातच बसलेली असायची. "कुठं निघाला, मास्तरीणबाई?" शिकलेली म्हणून प्रमोदिनीला ती मास्तरीण म्हणायची. 'कुठं नाही, नुसती चालतेय,' म्हटलं की तिचा चेहरा असा व्हायचा, की घरात भांडण झालंय हे तिनं ओळखलंच आहे. शेवटी हरणाबाईंनीच तोड काढली. सुनेच्या हातात रिकामी बुट्टी दिली. "मळ्यात चाललीया म्हणून सांग. येताना चार पेंड्या मेथी आन, न्हाईतर आनू बी नगंस."

बुट्टी हातात आल्यावर कुणी विचारीना. प्रमोदिनी सकाळ-संध्याकाळ ओढा ओलांडून मळ्याच्या बांधापर्यंत जायची आणि परत यायची. गुऱ्हाळाचे दिवस. सगळ्या शिवारावर उकळत्या रसाचा वास तरंगायचा. ती पदर नाकाला लावून झपझप पुढं जायची. पण खरी परीक्षा दुपारी. जोतीराम साखर कारखान्यात कामावर, चारू झोपलेली, घर चिडीचूप. अशा वेळी तिला त्या चंदेरी कागदाचा चुरचुर आवाज कानात ऐकू यायचा. ती फुटाणे खायची, बडीशेप चघळायची, तांब्याभर ताक प्यायची. नाहीच भागलं तर बुट्टी उचलायची.

हरणाबाईंनी मग रोज दुपारी तिला नाचणीची पेज करून द्यायला सुरुवात केली. "गोड न्हाई काय घातलं. नुसतं दूध हाय," असं पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि नवल असं, की त्या पेजेला थोडी चॉकलेटचीच चव यायची. प्रमोदिनी स्वतःशी हसली. लागलेल्या तोंडाला काय काय भास होतात. पण भास तर भास. पेज प्यायली की तगमग शांत व्हायची आणि पुढची सगळी दुपार बरी जायची. आठवडा सरता सरता तिला वाटू लागलं, आपण जिंकलो. रात्री नवऱ्याला तिनं सांगितलंसुद्धा, "इच्छाच होत नाही हो आता. चालण्यानं आणि नाचणीनं पार गेली."

जोतीरामनं इस्लामपुराहून साखर तपासायचं निळं औषध आणि टेस्टट्यूब आणून दिली होती. औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं, नारिंगी, विटकरी असा रंग चढत गेला तर जास्त. प्रमोदिनी हे कॉलेजात शिकलेली. पहिल्या दोन-तीन दिवसांत रंग पिवळ्यावरून हिरव्यावर आला तेव्हा ती हरखली होती. पण त्यानंतर तो पुन्हा चढायला लागला. अकराव्या दिवशी नळीत सरळ विटकरी गाळ बसला.

तिनं नळी धुऊन पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. भाकरीचं पीठ आठवलं, उसळीत कुणी गूळ टाकला का ते आठवलं. झोपेत उठून खात नसेन ना, असंही तिच्या मनात येऊन गेलं. सांगलीला जायला चारच दिवस उरले होते.

संध्याकाळी दिवा लावायला ती देव्हाऱ्यापाशी गेली. खंडोबाच्या टाकामागं काहीतरी चकाकत होतं. नखानं घासून घासून सपाट केलेली बेगड, एकाला एक लावून चिकटवलेली, तिची देवामागं छान प्रभावळ झाली होती. चकाकता कागद हरणाबाईंच्यानं टाकवत नसे. प्रमोदिनी जवळ वाकली. वास ओळखीचा होता.

पेजेची चव तिला आठवली. मग ती सावकाश मागच्या पडवीत गेली. स्टोव्ह पेटवला आणि हाक मारली, "आत्ती, जरा इकडं येता का?"

हरणाबाई येऊन पाटावर बसल्या. नळीतलं निळं औषध उकळायला लागलं. हिरवं झालं, पिवळं झालं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत विटकरी झालं. त्या पुढं वाकल्या. "ही तर काकवी."

"माझ्या अंगातली साखर आहे ही. बाळाच्या अंगात हीच जाते."

"आन् चांगलं असलं तर?"

"निळं राहतं."

हरणाबाईंनी नळीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. "माझं बघ."

प्रमोदिनी नको म्हणत होती, पण त्या उठल्याच. थोड्या वेळानं नळी पुन्हा उकळली आणि निळीची निळी राहिली. त्यांनी ती उजेडाकडं धरून नीट निरखली. मग त्या पदराच्या टोकाला पीळ घालत राहिल्या.

"पेजेत घालत होतात ना?" प्रमोदिनीनं विचारलं. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं आणि तो चढलाही नाही.

"इख घातलं न्हाई काय मी. दोन चौकान. तेवढ्यानं काय हुतंय वाटलं." मग जरा थांबून, "उद्या पोराला काय झालं तर लोक मला ईचारतील. सासूनं डोहाळं पुरवलं न्हाईत म्हणतील. तुला कोण न्हाई ईचारायचं."

"आणि पुन्हा हात अडकला तर?"

अंगणात चारू बदक ओढत होती. दोरी डाव्या हातात होती. हरणाबाई तिकडं बघत राहिल्या. तो हात त्यांनी तेल लावून बोटाबोटानं जिवंत केलेला होता.

"न्हाई बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते परत नगं."

आता प्रमोदिनीलाच राहवेना. "आत्ती, एक मी पण सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जेवणानंतर चिंचोक्याएवढं खाल्लं तर चालेल. मलाच माझी खात्री नव्हती, म्हणून बोलले नाही."

हरणाबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं, मग एवढं बोलायचं की. डोहाळ्याला नखाएवढं बी पुरतंय. निवद दावतो तवा देव काय ताटभर जेवतोय व्हय? मी आपली चोरून वडीच्या वडी घालतीया, आन् तू आपली उपाशी."

"उपाशी कुठं? रोज दोन चौकोन पीत होते की." दोघींनाही हसू आलं, पण हरणाबाईंचं हसू लवकर विझलं. त्या आत गेल्या आणि शिल्लक अर्धी वडी आणून सुनेपुढं ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलली. "माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. पर आता चोरून न्हाई."

त्या दिवसापासून दिवेलागणीलाच जेवणं व्हायची. हरणाबाई चिंचोक्याएवढा तुकडा मोडून उंबऱ्यात सुनेच्या हातावर ठेवायच्या, चारूला कडेवर घ्यायच्या आणि तिच्याबरोबर निघायच्या. "चावायचं न्हाई. जिभंवर धर." पहिल्या दिवशी तुकडा मारुतीच्या देवळाशीच संपला. प्रमोदिनीचा जीव मागं वळला, घरातल्या उरलेल्या वडीकडं. पण सासूबाई पुढं चालत होत्या, आणि त्यांना गाठायचं तर पाय उचलावे लागत होते. दुसऱ्या दिवशी तो ओढ्यापर्यंत पुरला. दुपारची पेज आता नुसती नाचणीची होती, ताकातली, आणि ती नाचणीसारखीच लागायची. दुपारी तगमग व्हायची ती व्हायचीच. पण संध्याकाळी उंबऱ्यात आपलं काहीतरी आपली वाट बघतंय, एवढ्या विचारावर दुपार निघून जायची.

सांगलीला हरणाबाई हट्टानं बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरची नळी उकळली तेव्हा त्या खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या. निळं हललं, हिरवट झालं, आणि तिथंच थांबलं.

"चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाखल व्हायची आत्ता गरज नाही. असंच चालू ठेवा, दर पंधरा दिवसांनी या. एखाद्या वेळी वाढलं तर मात्र ऐकायचं."

प्रमोदिनीनं मान हलवली. हरणाबाईंनी संधी साधली. "बाई, डोहाळं कमी पुरवलं तर लाळ गळती का वं पोराची?"

"सगळ्याच पोरांची गळते, आजी."

हरणाबाईंनी यावर बराच विचार केला असावा, कारण एस.टी. आष्ट्याच्या पुढं गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "म्हंजी आक्याची बोरांनं न्हवती गळत." मग पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

फाट्यावर जोतीरामनं बैलगाडी घेऊन यायचं कबूल केलं होतं; गाडी उभीही होती. हरणाबाईंनी त्याला पिशव्या दिल्या आणि पुढं जायला सांगितलं. "आमी येतो चालत." दोघींनी फाट्यावरच्या लिंबाखाली बसून बरोबरची भाकरी खाल्ली. मग हरणाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत वडाच्या पानात गुंडाळलेला तुकडा होता, जरासा मऊ झालेला.

ऊन कलतं झालं होतं. गुऱ्हाळाचा वास होताच. तुकडा जिभेवर सावकाश सुटत होता आणि प्रमोदिनी तो दातांना लागू न देता चालत होती. गावात शिरताना राहीबाई वाटेतच भेटली.

"कुठनं आलाय? आन् बुट्टी कुठं हाय?"

प्रमोदिनीचं तोंड भरलेलं होतं. तिनं सासूबाईंकडं पाहिलं.

"बुट्टी घरात हाय," हरणाबाई न थांबता म्हणाल्या. "नुसतंच चाललोय आमी. चालायचं असतंय."

मारुतीचं देऊळ मागं पडलं. चव अजून होती.