अडीच हातांचा दुधी

देठ अजून ओला होता. करंगळीएवढा, तिरपा कापलेला... शिवरुद्रप्पानं आधी तो बघितला, मग त्याच्याखाली, सकाळपर्यंत जिथं अडीच हात लांब दुधी लोंबत होता तिथं, नुसतं ऊन बघितलं; आणि ज्या जुन्या धोतरात त्यानं तो दुधी तीन आठवडे झाकून ठेवला होता ते धोतर धुऊन, पिळून दोरीवर वाळत घातलेलं बघितलं. राग आधी पायांत उतरला. वेल उपटून फेकावा, मांडवाला लाथ घालावी — पण घरातून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला, आणि पाय होते तिथंच राहिले.

“मामा, हातपाय धुवा,” सून भागम्मा दारातून म्हणाली. “स्वामी आलेत. लिंगपूजेला बसलेत.”

“दुधी?”

“कापला की. घरात काय होतं दुसरं? बाजारात वाळकी भेंडी मिळंना. स्वामींना काय नुसतं पिठलं वाढू?”

“मला विचारायचं.”

“तुमी होतात कुठं?”

कुठं होतो मी... दिनकररावाच्या ओसरीवर होतो. संध्याकाळी ये, डोळ्यानं बघ, असं त्या हरामखोराला बजावून सांगायला भर उन्हात गेलो होतो. इकडं विळी चालत होती आणि तिकडं मी, साठी उलटलेला माणूस, पोरासारखा हसत होतो.

दिनकरराव पिंगळीच्या स्टेशनावरून स्टेशनमास्तर म्हणून रिटायर झालेला. शिवरुद्रप्पानं जन्मभर सेलूच्या कापूस बाजारात मापाडी म्हणून काटा धरला, मापात कधी गुंजेचा फरक केला नाही. पण तोंडाचं म्हणाल तर त्याला माप नव्हतंच. आपल्या परसातली मिरची भाजली तेव्हा फाटकाजवळ मालगाडी शिंकून उभी राहिली, असं त्यानं एकदा सांगितलं, आणि दिनकरराव शांतपणे म्हणाला, “त्या दिवशी गाडी मीच सोडली आप्पा. गार्डाला पडसं होतं, तेवढं खरं.” पारावरचे सगळे हसले. शिवरुद्रप्पाही हसला होता. तेव्हा गंमत वाटायची. पण मग मुलाच्या आजारपणाचं सांगितलं तरी लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, खरंच का...

आणि या उन्हाळ्यात, बहात्तर साल पावसावाचून कोरडं गेल्यावर, आडानं तळ गाठलेला, टमाट्याची रोपं चैत्रातच माना टाकून गेली, गवार करपली, वांग्याला तर फूलच आलं नाही — सगळं मेलं, तेव्हा अंघोळीच्या आणि खरकट्या पाण्यावर हा एक दुधी वाढत सुटला. रोज पहाटे शिवरुद्रप्पा कोपरापासून बोटापर्यंत हात लावून मोजायचा. एक हात. दीड. दोन. आयुष्यात पहिल्यांदा देवानं त्याच्या थापेच्या मापाचं काहीतरी खरोखर बनवलं होतं.

आणि ते त्यानं कुणाला दाखवलं नाही. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, हे कुणाला माहीत नाही? आई सांगायची, दाखवायचंच तर बोट मुडपून दाखव. पण गावातल्या किती जणांना मुडप म्हणून सांगणार? म्हणून धोतर. म्हणून पुरा वाढेपर्यंत गप्प. बोटांना भ्यालो आणि डोळ्यांना मुकलो... मूर्ख. थेरडा मूर्ख.

पंगतीत स्वामींच्या शेजारी त्याचं पान होतं. जंगम स्वामींच्या पंगतीला बसून रागवायचं नसतं, म्हणून राग भाकरीबरोबर चावावा लागला. ताटात दुधीच्या फोडी होत्या, बोराएवढ्या, सगळ्या सारख्या. भाजी चांगली झाली होती. त्याचा आणखी राग आला.

“गोड आहे दुधी,” स्वामी म्हणाले. “घरचा?”

“घरचा. अडीच हात होता.”

स्वामी हसले. “असू दे, असू दे,” म्हणाले, आणि ताक मागितलं. त्या “असू दे”वर ताट पालथं घालावं असं त्याला वाटलं. त्यानं सुनेला हाक मारून ताक वाढायला लावलं.

संध्याकाळी दिनकरराव आला, धोतराचा सोगा सावरत, चेहऱ्यावर हसायची तयारी घेऊन. “हं, दाखवा आप्पा.”

“कापला. दुपारी स्वामी जेवायला होते.”

“कापला.” दिनकररावानं मान डोलावली, जणू गाडी वेळेवर आली. “बरोबर. तसंच व्हायला पायजे.”

“खरं हाय काका,” आतून आवाज आला. भागम्मा पदर सावरत उंबऱ्यावर आली होती. लग्नाला सात वर्षं झाली, परक्या पुरुषापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. “मीच कापला. चांगला चार हात होता. आडवा धरला तर दारातून येईना, उभा करून आणला.”

दिनकरराव इतका हसला की त्याला ठसका लागला. “सुनेला बी शिकवलंत की ओ.”

चार? शिवरुद्रप्पाच्या कानशिलात कढ आला. कापला तो कापला, वर हे. जन्मभरात एक खरी गोष्ट हाताला लागली होती आणि हिनं ती माझ्यासारखी करून टाकली — माझ्याच तोंडाची. त्यानं वळून बघितलं. ती दिनकररावाकडं बघत नव्हती. त्याच्याकडं बघत होती, उन्हातून आलेल्याला पाण्याचा तांब्या द्यावा तशी, आणि थोडी भ्यालेली.

“चार न्हाई,” तो म्हणाला.

दोघंही थांबले. आता फक्त अडीच म्हणायचं होतं. अडीच. ते खरं होतं, आणि ते म्हटलं की दिनकररावापुढं ही खोटी ठरणार होती, सात वर्षांनी पहिल्यांदा बोललेली... राग तसाच होता, तसूभर कमी झाला नव्हता. पण तो आता कुणावर धरायचा हेच त्याला उमगेना, आणि अडीच की पाच, पुढचा शब्द जिभेवर घेऊन तो तसाच राहिला, तोंड उघडं.