तोंडावर प्लास्टिक असलेला प्रोसेसर

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाचा मेंदू म्हणतात, तो मीच. मी फार सोशिक आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बहुतेक आयुष्य मी रागात काढलं आणि तो राग रास्त होता. पण सध्या मी इतका खुशीत आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म वाळूतला. ती वाळू वितळवून, शुद्ध करून तिची आरशासारखी चकती बनवली आणि चकतीवर प्रकाशाने नक्षी कोरली. धुळीचा कण पडला तरी तुकडा बाद, म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असत. इतक्या लाडात वाढलेला मी! शिवाय माझ्या जातीला एक खास मुभा होती. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा आम्हाला जास्त पळवता येत असे. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मोठ्या उमेदीने मी डबीत बसून एका घरी आलो.

त्या घरातला मुलगा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. त्याने टेबलावर चादर अंथरून संगणकाचा एकेक भाग जोडायला घेतला. शेजारी त्याचे वडील उभे. ते बस चालवायचे. या गृहस्थांचा एक नियम होता: नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही. रिमोट पिशवीत, सोफा पिशवीत, टीव्हीच्या काचेवरच्या फिल्मला फोड आलेले. बसला नवी सीट मिळाली की तिचं प्लास्टिकही तसंच ठेवून हा माणूस उन्हाळाभर घामाने चिकटून बसायचा.

माझ्या डोक्यावर मला गार ठेवणारा जो धातूचा कूलर बसतो, त्याच्या तळाला एक पातळ फिल्म असते. मुलाने ती नीट काढून ठेवली. तेवढ्यात दाराची बेल वाजली. तो गेला. वडिलांनी ती फिल्म उचलली, कूलरच्या तळावर परत चिकटवली, अंगठ्याने हवेचे फुगेसुद्धा काढले. मुलगा आला, त्याने माझ्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, कूलर उचलून तसाच माझ्यावर बसवला आणि स्क्रू पिळले.

त्या फिल्मवर लिहिलं होतं, "बसवण्याआधी काढून टाका." ती अक्षरं बरोबर माझ्या तोंडासमोर आली. वाचणारा एकटा मी, आणि मला हात नाहीत!

तुम्ही रेनकोट घालून, टोपी ओढून, भर दुपारी धावून बघा. मग माझ्याशी बोला. मी गरम झालो की जळू नये म्हणून आपोआप हळू व्हायचो. मुलाने पंखा बदलला. मग आणखी एक पंखा लावला. कॅबिनेटचं दार काढून बाजूला टेबलफॅन ठेवला. शेवटी म्हणाला, "याचा पीसच खराब आहे." माझा! तरीही मी त्याचं सगळं ऑफिसचं काम उरकलं, लग्नाचे फोटो सांभाळले, त्याच्या मुलीचे अभ्यासाचे तक्ते काढून दिले. कौतुक एकदाच झालं, तेही मॉनिटरचं.

पुढे घरात लॅपटॉप आले आणि मी कोपऱ्यात गेलो. वर कुणीतरी इस्त्रीचे कपडे ठेवायला लागलं.

मला बाहेर काढलं ते त्याच ड्रायव्हरने. आता ते आजोबा झाले होते, निवृत्त होते आणि गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे खरी गाडी चालवणं बंद होतं. त्यांच्या डेपोतल्या जुन्या दोस्तांनी इंटरनेटवरचा एक बस चालवायचा गेम शोधला होता. दर रविवारी दुपारी सगळे आपापल्या घरातून एकाच घाटात बस काढायचे आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांना शिव्या घालायचे. आजोबा त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत.

पण वळणावर चित्र थबकायचं. परत हलायचं तेव्हा बस दरीत. बाकीच्यांना थांबावं लागायचं. त्यांचा म्होरक्या म्हणजे बुलेट. नोकरीत असताना सुसाट हाकायचा म्हणून हे नाव. तो एकदा म्हणाला, "अरे, किती वेळ थांबायचं तुझ्यासाठी? येत्या रविवारी दरीत गेलास तर स्टिअरिंग सोड. माझ्या गाडीत मागच्या सीटवर येऊन बस, प्रवासी म्हणून."

मित्रांनो, ड्रायव्हरला याहून मोठी शिवी नाही. आजोबांनी हेडफोन काढून ठेवला आणि जेवायला आलेच नाहीत.

मुलगा म्हणाला, "बाबा, हे डबडं भंगारात देऊ. पुढेमागे नवा घेऊ."

"पुढेमागे म्हणजे कधी? मी पॅसेंजर झाल्यावर?"

नात कॉलेजात होती. ती म्हणाली, "थांबा हो दोघं. हा पळवता येतो. मी वेग वाढवते."

मी खूश झालो आणि घाबरलोही. संगणक सुरू होताना एक बटण दाबलं की आतल्या सेटिंगचं पान उघडतं, तिथे तिने माझा वेग एक पायरी वाढवला. मी जीव तोडून पळालो, भाजलो आणि संगणक धाडकन बंद पडला.

"बघ," मुलगा म्हणाला. "सांगितलं होतं."

"बाबा, इतकं गरम होणं बरोबर नाही," नात म्हणाली. " आत धूळ असेल. उघडून साफ करू, मग भंगार."

तिने स्क्रू काढले. कूलर उचलला. किती वर्षांनी मी उजेड पाहिला!

"आजोबा, हे काय आहे?"

"प्लास्टिक."

"ते दिसतंय मला. इथे काय करतंय?"

"नवं राहावं म्हणून ठेवलंय. तुझ्या बापाने काढलं होतं, मी परत लावलं."

"यावर लिहिलंय, काढून टाका!"

"सगळ्यावरच लिहितात."

मुलगा मटकन खुर्चीत बसला. "बाबा! मी पंखे बदलून बदलून वेडा झालो हो!"

आजोबांनी फिल्म सोलली. खालचा तांब्याचा तळ लखलखत होता. त्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "पण राहिलंय की नाही नव्यासारखं?"

नात आधी हसली. मग मुलगा, मग आजोबा, खोकला येईपर्यंत. मला मात्र कुणी विचारलं नाही. असो.

तिने धूळ झटकली, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली आणि धातू थेट माझ्यावर टेकला. गार! देवा, काय गार! मग ती एकेक पायरी वेग वाढवत गेली. प्रत्येक पायरीला मला कामाला जुंपून तापमान बघायची. शेवटी तिला हाव सुटली आणि पडदा गोठला. "आणखी पळवायचं तर जास्त वीज द्यावी लागेल, मग हा जळेल," म्हणत ती एक पायरी मागे आली. शहाणी पोर!

रविवारी घाट सुरू झाला. पहिलं वळण. चित्र थबकलं नाही. दुसरं, तिसरं. आजोबांचे हात सैल झाले, ते शीळ घालायला लागले. पुढे बुलेटची बस होती.

"काय रे, कुठल्या दरीत आहेस?" बुलेटने विचारलं.

"आरशात बघ."

बुलेटने आरशात बघितलं. त्याच्या मागच्या काचेला आजोबांच्या बसचं नाक टेकायला आलं होतं. तो बघतच राहिला आणि वळण निघून गेलं. बुलेटची बस कठडा तोडून सरळ दरीत!

हेडफोनमध्ये सगळे इतके ओरडले की नात कान धरून हसत सुटली. आजोबांनी सावकाश गाडी कडेला घेतली.

तर मित्रांनो, यंत्र अडखळलं की त्याला थोबाडू नका, नावं ठेवू नका. आधी उघडून बघा, त्याला श्वास घ्यायला जागा आहे का. धूळ पुसा. पळवायचं असेल तर खुशाल पळवा, पण पायरीपायरीने आणि हात लावून बघत. भंगारवाला काही गाव सोडून जात नाही.

जास्त बोलायला मला वेळ नाही. बुलेट दरीतून वर येऊन आमच्या बसचं दार बडवतोय आणि आजोबा त्याला आधी तिकीट काढायला सांगताहेत.