बैठकीच्या लाईटचं नाव

माझा सासरा बायकोला मारायच्या आधी लाईट बंद करायचा. त्याला मारायची लाज नव्हती, कुणी बघेल याची होती. सास्तुरातला मोठा बागायतदार, चार माणसांत मान, आणि आमच्या बैठकीची खिडकी थेट रस्त्यावर उघडते. समोरच्या डेअरीवर दूध घालायला रोज संध्याकाळी रांग लागते. त्याला मी आता अहोजाहो करत नाही, ज्यांना खटकेल त्यांनी पुढं वाचू नये.

पूर्वी अंधार करायला त्याला खुर्चीतून उठून पुढच्या दाराजवळच्या बटणापर्यंत जावं लागायचं. सात-आठ पावलं. माझी सासू मथुराबाई, मी त्यांना आत्या म्हणते, तेवढ्या वेळात मागच्या दारानं गोठ्याकडं पळायच्या. निम्म्या वेळा सापडायच्या, निम्म्या वेळा वाचायच्या. चव्वेचाळीस वर्षं ही बाई त्या सात-आठ पावलांवर जगली.

गेल्या दिवाळीला माझा नवरा युवराज पुण्याहून एक गोल डबा घेऊन आला. बोललं की लाईट लागतो, बोललं की बंद होतो. भिंतीवर बटणं जुनाट दिसतात म्हणून त्यानं ती काढून वर गिलावाच मारून घेतला. प्रत्येक खोलीच्या लाईटला नाव द्यावं लागतं म्हणे. स्वयंपाकघराला ‘किचन’ दिलं, आणि बैठकीला वडिलांचा मान म्हणून वडिलांचंच नाव, बलभीम. म्हातारा इतका खूश झाला की दिवसभर बसल्या जागी ‘बलभीम चालू कर, बलभीम बंद कर’ चाललेलं.

आता आमच्या घरात बाई नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव घेत नाही. आत्यांनी ते आयुष्यात घेतलं ते फक्त लग्नाकार्यातल्या उखाण्यात. वेशीवरच्या मारुतीला सगळं गाव बलभीम म्हणतं, आत्या म्हणतात ‘वेशीवरचा देव’. त्यामुळं पुरुष घरात नसले की बैठक अंधारात राहायची आणि आम्ही दोघी किचनमध्ये तांदूळ निवडत बसायचो. मी बी.एस्सी. झालेली. मलाही ते नाव तोंडातून निघत नव्हतं. युवराजला फोनवर म्हटलं, नाव बदल. तो हसला, अण्णांना वाईट वाटेल म्हणाला आणि विषय बदलला. आईची सात-आठ पावलं आपण गिलाव्याखाली बुजवली हे त्याला कळलं नाही, की कळून त्यानं कानाडोळा केला, ते मी अजून ठरवू शकले नाही.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत आत्यांचे दोन दात गेले. मग डाव्या कानानं ऐकू येईना.

जानेवारीतला गुरुवार होता, संध्याकाळचे साडेसहा-सात. येडशीहून आत्यांच्या भावाचा फोन आला आणि त्यांनी बैठकीत बसूनच कानाचं त्याला सांगितलं. म्हाताऱ्यानं ते ऐकलं. त्यानं आधी बैठकीच्या दोन्ही दारांना आतून कड्या घातल्या. मी भाकरी थापत होते. आतून त्याचा आवाज आला, अगदी निवांत, पाणी मागावं तसा. ‘बलभीम बंद कर.’ डबा नम्रपणे ‘ठीक आहे’ म्हणाला. मग पराणीचा आवाज सुरू झाला. पराणी म्हणजे बैलांना टोचायची काठी, तिच्या टोकाला लोखंडी आर असते.

मी दार बडवलं. उपयोग झाला नाही. आत्या ओरडत नव्हत्या, त्या कधीच ओरडल्या नाहीत. आणि मग त्यांचा आवाज आला, स्वच्छ.

“बलभीम चालू कर.”

दाराखाली उजेडाची फट दिसली. मार थांबला. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, “नवऱ्याचं नाव घेतीस व्हय?” आणि लगेच, “बलभीम बंद कर.” अंधार. फटका. “बलभीम चालू कर.” उजेड. “बलभीम बंद कर.” फटका. मी पहार आणायला गोठ्याकडं पळत सुटले तेव्हाही मागं तेच चाललं होतं. खिडकी उजळत होती, विझत होती, आणि प्रत्येक उजेडात दुधाच्या रांगेला वर उचललेली पराणी आणि डोक्यावर हात धरून बसलेली बाई दिसत होती. कुणी जागचं हललं नाही. दूध मोजणारा सिदू नंतर म्हणाला की वायरिंग बिघडलं असं वाटलं. सांगताना त्याला लाजही वाटली नाही.

मी पहार घेऊन परत आले आणि दाराच्या फटीत घातली. तोवर आतला आवाज बदलला होता. आत्यांचा जबडा मोडला होता. त्या नाव घेत होत्या, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. डबा म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही. तीनदा म्हणाला.

कडी तुटली. आत मिट्ट काळोख. पाय ओल्यात घसरला. हातात पहार, पण कोण कुठं आहे ते दिसत नव्हतं, घातली असती तर आत्यांनाच लागली असती. लाईट लावायला हवा होता आणि त्यासाठी ते नाव घ्यायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, जीभ उचलली नाही. त्या नावापाशी मी एक फटकाभर थांबले, आणि तो फटका आत्यांना बसला. हे मला मरेपर्यंत फेडता येणार नाही.

“बलभीम चालू कर,” मी ओरडले.

उजेड झाला. म्हातारा आत्यांवर वाकला होता. तो त्यांना विसरला आणि माझ्याकडं बघायला लागला.

“तू? सून असून?”

पराणी उगारून तो माझ्यावर आला. मी पहार फिरवली. त्याच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बरं वाटलं. पराणी खाली पडली. तेव्हा कुठं त्याला खिडकी दिसली आणि खिडकीबाहेर किटल्या घेऊन उभं असलेलं गाव दिसलं.

“बंद कर,” तो डब्याला म्हणाला. “बलभीम बंद कर.”

अंधार झाला. मी लाईट लावला. त्यानं परत बंद केला, मी परत लावला. चौथ्या वेळी तो रडत सांगत होता, पाचव्या वेळी त्याला शब्द फुटेना. हात पोटाशी धरून, भिंतीकडं तोंड करून खाली बसला. आत्यांचा श्वास चालू होता, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

मी पुढच्या दाराची कडी काढली. सिदू सगळ्यांत आधी आत आला आणि थेट म्हाताऱ्याला उठवायला वाकला. मी पहार पुन्हा उचलली.

“आधी आत्याला उचल.”

त्यानं आत्यांना उचललं.