माझ्यामुळे गुणाजीकाकांवर आलेला आळ

मी एक जुनी मोटर आहे, मित्रांनो. शिडाच्या छोट्या होडीला मागे लावतात ती, आउटबोर्ड. वारा पडला की होडीला घरी आणायचं, एवढंच माझं काम. खाडीच्या खाऱ्या पाण्याने माझा निळा रंग उडालाय, बोल्ट गंजलेत. त्याचं मला काही वाटत नाही. जे वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते आज सांगून टाकते.

वैशालीताई कोपरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. सुट्टीच्या दिवशी खाडीतले पक्षी मोजायचे, म्हणून त्यांनी एक जुनी शिडाची होडी घेतली. शीड हाताळायला त्यांना गुणाजीकाकांनी शिकवलं. काका जवळच्या कोळीवाड्यातले. मासेमारी सोडल्यावर घरामागच्या शेडमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे.

मला निवडलं काकांनीच. दुकानदार पंधरा हॉर्सपॉवरची मोटर पुढे करत होता. काकांनी मान हलवली. "एवढी मोठी कशाला गो? होडी मागनं बसंल नि पुढनं उठंल. आपल्याला पळायचं नाय, परत यायचं हाय." मग त्यांनी खिशातून दोरी काढली. होडीच्या मागच्या फळीची उंची त्यांनी दोरीला गाठ मारून मोजून आणली होती. मोटरचा पाण्यात जाणारा दांडा आखूड असला तर लाटेवर पंखा पाण्याबाहेर येतो, म्हणून त्यांनी मला घेतलं, लांब दांड्याची, चार हॉर्सपॉवरची.

प्रत्येक फेरीनंतर काका मला पिंपात उभी करून गोड्या पाण्यावर चालवायचे. ताईंना त्यांनी पहिल्याच दिवशी टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू दाखवला होता. "हा उघडल्याबिगर मोटरची दोरी ओढायची नाय. टाकीत हवा गेली नाय तर पेट्रोल उतरत नाय. पाच मिनटं चालंल नि मरंल."

दोन वर्षं मी कधी अडले नाही.

मग मागच्या हिवाळ्यात ताईंच्या आईंना, शांताबाईंना, फ्लेमिंगो दाखवायचं ठरलं. आदल्या दिवशी काकांनी मला उघडून साफ केलं. ताईंचा धाकटा भाऊ सम्यक मला गाडीतून न्यायला आला. तो घोडबंदर रोडला एका कंपनीत कामाला आहे. आडवी ठेवल्यावर पेट्रोल सांडू नये म्हणून त्याने तो स्क्रू घट्ट केला. ते बरोबरच होतं. सकाळी मला होडीला लावल्यावर तो उघडायचा मात्र राहून गेला.

जाताना शीड होतं. परतताना वारा पडला आणि ओहोटी लागली. सम्यकने दोरी ओढली. मी सुरू झाले, थोडा वेळ चालले आणि घुसमटून बंद पडले. तो पुन्हा पुन्हा ओढत राहिला, मी मिनिटभर चालून पुन्हा मरत राहिले. तेवढ्यात होडी वाहत जाऊन चिखलात रुतली.

शांताबाईंना मधुमेह. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, जेवण घरी येऊन करायचं होतं. दोन तास उन्हात गेल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. ताईंनी काकांना फोन केला.

काका चिखलातून एक फळी पुढे सरकवत आले. कमरेपर्यंत माखलेले. आधी त्यांनी शांताबाईंना घोट घोट साखरेचं पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने शांताबाईंनी डोळे नीट उघडले. भरतीचं पाणी होडीखाली आलं तेव्हा काका माझ्याकडे वळले. त्यांचा हात झाकणावर गेला आणि थांबला. त्यांनी सम्यककडे पाहिलं. मग ताईंच्या नकळत स्क्रू सोडवला आणि दोरी ओढली; सम्यकने ते पाहिलं. मी पहिल्याच ओढीला सुरू झाले.

"म्हणजे मशीन ठीक आहे." ताई काकांकडे वळल्या. "काका, काल तुम्हीच उघडलेली ना? तुमचंच काहीतरी राहिलं असणार. माझी आई गेली असती आज."

सम्यक चिखलाकडे बघत राहिला. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "राहिलं असंल, ताई."

मित्रांनो, 'मशीन ठीक आहे' हे ऐकून मला त्या क्षणी बरं वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

बोलणं किनाऱ्यावर पसरायला वेळ लागला नाही. गुणाजीचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, असं होडीवाले म्हणू लागले आणि इंजिनं दुसरीकडे नेऊ लागले. मलाही आता दुरुस्तीला माजिवड्याच्या एका गॅरेजमध्ये धाडू लागले. काकांची शेड बंद झाली.

आठ महिन्यांनी एका रविवारी सम्यक मला गॅरेजला घेऊन निघाला, पण गाडी कोळीवाड्यात थांबवली. मला खांद्यावर घेऊन तो काकांच्या दारात उभा राहिला.

"काका, तो स्क्रू मीच बंद केलेला."

"ठाऊक हाय."

"मग बोलला का नाही तेव्हा?"

"तुझी आई तशी पडलेली. तवा बहिणीसमोर तुझं नाव घेऊ?" काकांनी मला त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतलं. "पण मला सांगून काय उपयोग? जिला ठाऊक नाय तिला सांग."

सम्यकने तिथेच फोन लावला. "ताई, त्या दिवशी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग तो माझ्याशेजारी ओट्यावर बसला आणि बराच वेळ हळूहळू बोलत राहिला.

अर्ध्या तासात ताई आल्या. त्यांना काकांकडे नीट बघवेना. "काका, मी तुम्हाला काय काय बोलले."

"बस गो. चहा घे," काका म्हणाले.

नंतर ताई एकेका होडीवाल्याकडे स्वतः गेल्या आणि चूक आमची होती असं सांगून आल्या. दोघंतिघं काकांकडे परतले. बाकीच्यांना आता दुसऱ्या गॅरेजची सवय झाली होती. शेड उघडते, पण आठवड्यातून दोनच दिवस.

मोटर घ्याल तेव्हा होडीला शोभेल तेवढीच घ्या, मित्रांनो, आणि तिला गोड्या पाण्याने धूत जा. एवढं केलंत तर ती टिकेल. आणि हातून काही चुकलं, तर त्याच दिवशी बोला. स्क्रू कुणी बंद केला ते मला सगळं माहीत होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.