माझी आठ मिनिटं

गायकाचं चुकलं की ते पियानोवाल्याचं चुकतं. आमच्या धंद्याचा हा पहिला नियम मी तीस वर्षं निमूट पाळला. एक गायक हमखास शब्द विसरायचा. तो अडकला की मी तोच तुकडा गोल गोल फिरवत बसायचो आणि लोक म्हणायचे, पियानोवाला फार लांबण लावतो. एक गायिका चार मात्रा आधीच सुरू व्हायची आणि मग माझ्याकडे असं बघायची, जणू मीच तिला मागून ढकललं.

त्याआधी, पंचविशीत, मी बीबॉप वाजवायचो. हा जॅझचा सुसाट प्रकार. सुरावट धावता धावता अचानक वळते, त्यावर नाचता येत नाही, ती गुणगुणताही येत नाही. आम्ही पाचजण एका हॉटेलात वाजवायचो. हॉटेलमालकानं दोन महिने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "लोकांना जेवताना ठसका लागतोय. एखादी गाणारी आणा." ट्रंपेटवाला भांडून निघून गेला. मी राहिलो. भित्रा होतो म्हणून राहिलो, दुसरं काही कारण नाही. माझा मेहुणा अजून विचारतो, "वाजवता ते ठीक, पण करता काय?"

गेली सतरा वर्षं मी ह्या बाईंबरोबर वाजवतो. बाई मोठ्या गायिका. जिथे जातील तिथे सांगतात, "पंचविशीत ज्या सुरात गायचे, त्याच सुरात आजही गाते." साफ खोटं. त्यांचा आवाज खाली आलाय आणि त्याच्याबरोबर गाणी खाली आणलीत मी. दर चार वर्षांनी अर्धा सूर, गुपचूप. बाई लिहिलेलं संगीत वाचत नाहीत. मी सुरुवातीला जो सूर देईन तो धरून चढतात. हे मला माहीत आणि बासवाल्याला माहीत. बास, म्हणजे माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य, वाजवतो आणि अंगानं काडी, म्हणून त्याला सगळे जाड्या म्हणतात.

त्यांच्या नव्या रेकॉर्डवर सहा गाणी बाईंची आणि आठ मिनिटं माझी असं ठरलं होतं. माझी स्वतःची बीबॉपची रचना, पंचविशीत लिहिलेली, एकदाही रेकॉर्ड न झालेली. बाईंनी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, माझ्या बायकोसमोर कबूल केलं होतं. त्या सकाळी बायको इस्त्री करता करता म्हणाली, "आज तरी ऐकून घेऊन येऊ नकोस. मला कंटाळा आलाय तुझ्या समजूतदारपणाचा."

स्टुडिओ सहापर्यंतच होता. चार वाजले, पाच गाणी झाली. बाई गरम पाण्याचा घोट घेत म्हणाल्या, "अरे, ते तुझं वाजवणं राहू दे ह्या खेपेला. त्या जागी माझं अजून एक संथ गाणं घेऊ."

"तुम्ही कबूल केलं होतंत."

"केलं असेल रे. लोक रेकॉर्ड माझ्यासाठी घेतात, त्याला मी काय करू? चल, आधी शेवटचं गाणं उरकू."

मी जाड्याकडे पाहिलं. तो लगेच बासच्या खुंट्या पिळायला लागला. भेकड कुठला. माझ्यासारखाच.

शेवटचं गाणं त्यांचं सगळ्यात गाजलेलं. लाल दिवा लागला आणि मी ते त्यांच्या पंचविशीतल्या सुरात उचललं. जाड्यानं डोळे वटारले, पण आला मागोमाग. बाई चढल्या, वर पोचल्या आणि आवाज टराटरा फाटला.

"पियानो चुकला," त्या काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला म्हणाल्या. श्वाससुद्धा घेतला नाही मध्ये.

"नाही चुकला," मी म्हणालो. "हाच तुमचा जुना सूर. चार वेळा उतरवलाय मी तो. जाड्याला विचारा."

"मला कशाला मध्ये ओढतोस?" जाड्या पुटपुटला. म्हणजे उत्तर मिळालंच.

रेकॉर्डिस्ट उगाच तारा तपासू लागला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

बाईंनी पेला खाली ठेवला. "मग उतरव ना. थांबलायस कशाला?"

"आधी माझी आठ मिनिटं."

"धमकी देतोस मला?"

"हो."

त्या खुर्ची ओढून कोपऱ्यात बसल्या. आम्ही वाजवलं. एकही सूर चुकला नाही. मग रेकॉर्डिस्टनं ते ऐकवलं. गाणारा गात असतो तेव्हा साथीदारानं हात आवरायचे आणि तो श्वास घेईल तेवढ्यात वाजवून घ्यायचं, ही आमची रीत. माझ्या स्वतःच्या रचनेत माझी बोटं दर चार मात्रांनी बाजूला सरून उभी राहत होती. कुणासाठी? कुणीच गात नव्हतं.

"छान आहे रे," बाई म्हणाल्या. "पण ह्यात मी कुठून यायचं?"

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या. टोमणा असता तर परवडला असता.

"पुन्हा घे," जाड्या म्हणाला. "आणि गाढवा, कुणाची वाट बघू नकोस."

दुसऱ्या वेळी मी पियानो वाजवला नाही, बडवला. जिथे जागा दिसली तिथे सूर कोंबले. तीन ठिकाणी बोटं घसरली, एकदा तर जाड्या एकीकडे आणि मी भलतीकडे. पण कुणाला शिरायला फट ठेवली नाही. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "आधीचं जास्त स्वच्छ आहे."

"आधीचं पुसून टाक."

"नक्की?"

"पुसतोस की मी आत येऊ?"

त्यानं पुसलं. सहाला वीस मिनिटं होती. बाई उठून माइकपाशी आल्या. नेहमीसारखा सूर मी देईन म्हणून थांबल्या. मी हात मांडीवर ठेवले.

"कुठल्या सुरात?" मी विचारलं.

"तुला माहितीये."

"मला विचारू नका. तुम्ही सांगा."

माझा राग गेला नव्हता. त्यांचाही नव्हता, मानेची शीर तटतटली होती. पण त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर हळूच गुणगुणत सूर शोधायला लागल्या. वर गेल्या, परत आल्या, आणखी खाली उतरल्या. शेवटी थांबल्या तो सूर मी ठेवला असता त्याच्याही अर्ध्या सुरानं खाली होता.

"इथून," त्या म्हणाल्या.

मी तिथूनच उचललं.