पोचे आलेले डबे

थिएटरच्या जिन्याखाली एक खिडकी होती आणि खिडकीमागे मोठीआई. पडद्यावर कोण मेलं नि कोणाचं जुळलं याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. तिचा सिनेमा बारा मिनिटांचा. मध्यंतराची घंटा झाली की सुरू, दुसरी घंटा झाली की संपला. तेवढ्यात मसाला लावलेल्या मक्याच्या चिप्स, वर गरम पातळ चीज आणि बाजूला टोमॅटो-कांद्याचा ताजा साल्सा अशा साठ-सत्तर ताटल्या खिडकीतून बाहेर जायच्या. परत यायच्या त्या बोटांनी पुसून साफ झालेल्या.

मोठीआई हे काही तिचं नाव नव्हे. घरात नातवंडं म्हणायची, सून म्हणायची, ते ऐकून मॅनेजर म्हणायला लागला आणि मग झाडूवाल्यापासून ऑपरेटरपर्यंत सगळे. तिने हरकत घेतली नाही. मान आपण होऊन चालत आला तर दार कशाला लावायचं.

तिच्या स्वयंपाकघराचे कायदे दोनच. पहिला, करताना कोणी चाखायचं नाही. "चाखत चाखत करते ती शिकाऊ," ती म्हणायची. "इथे हात चाखतो." आणि दुसरा, परात एकच. पहिल्या रांगेत पाय पसरून बसणाऱ्याला जे, तेच मालकाला. जुने मालक होते तोवर त्यांनीही खिडकीशी उभं राहून त्याच परातीतलं खाल्लं, आणि कधी तक्रार केली नाही.

पण जुने मालक गेले आणि थिएटर आलं त्यांच्या बहिणीकडे. या बाई दुपारच्या खेळाला येणार होत्या. मॅनेजरने आदल्या दिवशीच येऊन सांगितलं, तेही नखं बघत बघत, म्हणजे बातमी वाईट होती. बाईंच्या मनात खिडकी बंद करून तिथे पाकिटांचं मशीन बसवायचं होतं. बटण दाबलं की पाकीट खाली. तरी मध्यंतरात त्या खाऊन बघतील आणि मग ठरवतील.

"म्हणजे माझी परीक्षा," मोठीआई म्हणाली.

"परीक्षा असं नाही हो..."

"मग काय, मशीनचा साखरपुडा?"

मॅनेजरने रबरी हातमोज्यांचा एक जोड ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, बाईंना स्वच्छतेचं फार आहे, उद्या तेवढे घाला.

इथवर ठीक होतं. पण खिडकीत हाताखाली घरचीच सून होती. धाकटी तिचं नाव पडलेलं. मुलगी कामाला वाघीण, फक्त तिला नीटनेटकेपणाचा आजार होता. बाई येणार म्हणून तिने काय करावं, तर संध्याकाळी एकटी मागे थांबून फळीवरचे सगळे जुने डबे काढले आणि सगळं सामान नव्या डब्यांत भरलं. नवे डबे एका मापाचे, एका चकाकीचे, एका रांगेत. प्रत्येकावर चिठ्ठी.

जुन्या डब्यांचं असं होतं की त्यांना तोंडवळा होता. मिठाच्या डब्याला पोटात खोल पोचा. पिठीसाखरेचा डबा झाकणाला चेपलेला. ही साखर सरबताला लागायची. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा, म्हणजे कॉर्नफ्लोअरचा, तर एका अंगाला इतका बसलेला की फळीवर रुसून बसल्यासारखा दिसायचा. मोठीआईचा हात त्यांच्याकडे न बघता जायचा. आता फळीवर एका चेहऱ्याची सात भावंडं उभी होती.

"चिठ्ठ्या लावल्यात बरं का आई," धाकटी सकाळी म्हणाली.

"डोळे आहेत मला," मोठीआई म्हणाली.

डोळे होतेच. शाळा मात्र दुसरीपर्यंतच झाली होती. दारावरच्या जाहिरातीतली हाताएवढी छापील अक्षरं ती वाचायची आणि वरून नावंही ठेवायची. पण धाकटीचं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं, एकीच्या शेपटाला दुसरी. बोट ठेवून, ओठ हलवून लावत बसली असती तर लागलंही असतं. पण सुनेसमोर बोट ठेवायचं? ज्या सुनेला सकाळ-संध्याकाळ शहाणपण शिकवायचं तिच्यासमोर? मोठीआईने फळीकडे पाठ केली आणि टॉर्टियाची पाकिटं फोडायला घेतली.

टॉर्टिया म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, कारखान्यातून येणाऱ्या. एकावर एक आठ रचायच्या, एका पोळीचे सहा त्रिकोण कापायचे आणि तासभर पंख्याखाली पसरून ठेवायचे. ओलसर टाकले तर नुसतं तेल पितात. तेल असं तापायला हवं की तुकडा टाकला तर तळाला जाऊन लगेच वर यावा. तिथेच रेंगाळला तर तेल थंड, टाकताच काळवंडला तर फार तापलेलं. बाहेर काढल्या काढल्या मसाला लावायचा, कारण गार चिपला मसाला चिकटत नाही, जशी मोठ्या झालेल्या मुलांना अक्कल चिकटत नाही.

मसाला ती रोज ताजा कालवायची. लाल तिखट रंगावरून कळतं. जिऱ्याची पूड नि लसणाची पूड वासावरून कळते. राहिलं मीठ. पांढऱ्या सामानाचे डबे तीन होते. एरवी चिमूट घेतली असती तर बोटांनी सांगितलं असतं: मक्याचं पीठ करकरतं, मीठ खरखरतं, पिठीसाखर मऊ लागते. पण आज बोटं रबरात होती. दोन झाकणं उघडून तिने बघितली, पांढऱ्यासारखं पांढरं. धाकटी समोरच टोमॅटो धूत होती. मोठीआईने मान ताठ ठेवली आणि वाटीभर घातलं.

खेळ सुरू झाला. चार मोठ्या घाण्यांत चिप्स तळून झाल्या. परात शिगोशीग भरली, रंग तर असा सुरेख आला की बघत राहावं. चीज किसून, मक्याच्या पिठात घोळवून, दुधात घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलं होतं. थेट आचेवर ठेवलं की चीज फाटतं. मक्याच्या पिठाचा डबा तेवढा बरोबर लागला, कारण तो धाकटीने काढून दिला होता. साल्सा शेवटी करायचा होता, आधी करून ठेवला तर पाणी सुटतं.

मध्यंतराला पंचवीस मिनिटं राहिली तेव्हा ऑपरेटर जिना उतरून आला. हल्ली मशीन आपलं आपण सिनेमा दाखवतं, त्यामुळे त्याला वेळच वेळ. रोजची पहिली ताटली त्याची. त्याने परातीतल्या दोन चिप्स तोंडात टाकल्या, चावल्या, थांबला, पुन्हा चावल्या.

"मोठीआई, धाकटीकडे काही गोड बातमी आहे का?"

"का रे?"

"चिप्स गोड आहेत. म्हटलं, खुशीतच केल्या असतील."

मोठीआईने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर जिना चढून गेला असता. ऑपरेटर तिथेच उभा राहिला. धाकटीने हातातली सुरी ठेवली, पदराला हात पुसले, परातीतली एक चिप उचलली आणि सासूच्या डोळ्यांदेखत खाल्ली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"गोड आहेत, आई," ती म्हणाली.

मोठीआईने उजव्या हाताचा मोजा काढला. फळीवरचा मघाचा डबा उतरवला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग डबा धाकटीपुढे धरला.

"हे काय लिहिलंयस?"

"पिठीसाखर."

"आणि तो पलीकडचा?"

"मीठ."

धाकटीने चिठ्ठीकडे बघितलं, मग मोज्याकडे. सासूच्या तोंडाकडे बघायचं तिने टाळलं. तिला काय कळायचं ते कळलं, आणि कळल्याचं तिने दाखवलं नाही. आठ वर्षांत मोठीआईने तिला जे जे शिकवलं त्यात हे नव्हतं. हे तिचं तिलाच येत होतं.

"दोन पाकिटांचे तुकडे पंख्याखाली उरलेत," धाकटी म्हणाली. "दहा ताटल्या होतील. त्या ताज्या तळते, बाई आणि त्यांची माणसं तेवढ्यांत भागतील."

"बरोबर आहे," ऑपरेटर म्हणाला. "झाकली मूठ. बाकीच्यांना काय, अंधारात खायचं."

मोठीआई परातीकडे बघत उभी राहिली. दहा ताटल्या बाजूला काढल्या की खिडकी वाचत होती, इतका सोपा हिशोब होता. पंचवीस वर्षांची खिडकी. ती गेली तर घरी जाऊन काय करणार होती ती? नातवंडांची पाठांतरं ऐकणार?

"परात एक आहे," ती म्हणाली.

"आई, खिडकी जाईल हो."

"जाईल तर जाईल. ती बाई आज पहिल्यांदा येतेय. समोरचे वर्षानुवर्षं येतायत. पाहुणीला चांगलं आणि घरच्याला बिघडलेलं, असलं मी माझ्या सासूच्या घरात फार खाल्लंय. तळ ती दोन पाकिटं आणि ह्यातच मिसळ. गोडवा पातळ होईल."

दुसराही मोजा ओट्यावर पडला. नव्या घाण्याला तिने मीठ नि तिखट मूठभर जास्त लावलं आणि सगळी परात खालून वर हलवली. लिंबू चिप्सवर पिळायचं नाही, त्या मऊ पडतात. आंबट असेल ते साल्शात. टोमॅटोच्या बिया काढल्या, कांदा बारीक, कोथिंबीर, मिरच्या दुप्पट, लिंबंही दुप्पट. चीजमध्ये व्हिनेगरमधल्या मिरच्यांचं पाणी दोन पळ्या. मग तिने चिपवर चीज नि साल्सा घेऊन धाकटीपुढे धरलं.

"चाख."

"मी?"

"नाहीतर काय, हा ऑपरेटर? त्याला दगड दिला तरी कुरकुरीत म्हणेल. चाख आणि सांग."

धाकटीने चाखलं. "मीठ अजून लागेल. चीजमध्ये नको, साल्शात."

मोठीआईच्या हाताने घातलं.

"अजून थोडं."

पुन्हा घातलं.

"आता गोड लागतंय, पण मुद्दाम केल्यासारखं लागतंय."

"बस," मोठीआई म्हणाली आणि घंटा झाली.

बारा मिनिटं कोणाला मान वर करायला सवड नव्हती. चौथ्या मिनिटाला मॅनेजर बाईंना घेऊन खिडकीशी आला. बाई उंच, करड्या केसांच्या, भावासारख्याच नाकाच्या. मॅनेजरची नजर आधी मोठीआईच्या उघड्या हातांवर गेली आणि तिथून छताला. बाईंनी उभ्यानेच एक चिप खाल्ली, दुसरी खाल्ली.

"गोड आहेत या."

"नाही, म्हणजे बाई, ती नवीन चव..." मॅनेजर सुरू झाला.

"चव कसली नवीन," मोठीआई म्हणाली. "मिठाऐवजी पिठीसाखर पडली."

"कोणाकडून?"

धाकटीने तोंड उघडलं. मोठीआईने चीजची पळी तिच्या हातात दिली, तसं ते मिटलं.

"माझ्याकडून. डबे नवे होते. चिठ्ठी मला वाचता आली नाही, आणि विचारायची लाज वाटली."

बाईंनी मागे वळून बघितलं. जिन्यावर, भिंतीशी, दारात माणसं खात होती. एकाने ताटली अर्धी टाकली होती. एक पोरगी बापाच्या ताटलीतल्याही उचलत होती. दोन म्हाताऱ्या आपसात काहीतरी बोलत होत्या आणि बोलता बोलता संपवत होत्या.

"सगळ्यांना हेच दिलंत?"

"परात एक आहे."

"भाऊ सांगायचा," बाई म्हणाल्या. त्यांनी साल्सा संपवला, चीज चिपने निपटून घेतलं, चार चिप्स ताटलीत ठेवल्या आणि ताटली स्वतः आत सरकवली. मग मॅनेजरला म्हणाल्या, "मशीन वर, बाल्कनीपाशी लावा. खाली जागा नाही."

"खाली तर पुष्कळ..."

"खाली खिडकी आहे. मशीनमध्ये काय पडलं ते मशीन सांगणार नाही." आणि मोठीआईकडे वळून, "परवा पुन्हा येईन. मिठाच्या खाऊ घाला."

दुसरी घंटा झाली. माणसं आत गेली, दारं लागली, भिंतीपलीकडे कोणीतरी कोणाला तरी गाण्यातून समजावू लागलं. मोठीआईने फळीवरचे सातही डबे खाली घेतले आणि लसूण ठेचायचा बत्ता उचलला. मिठाच्या डब्याच्या पोटात एक घाव. पिठीसाखरेच्या झाकणावर एक. मक्याच्या पिठाचा डबा तिने आडवा पाडला आणि दोनदा हाणला, तेव्हा कुठे तो नीट रुसला.

"नवे होते हो," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच."

धाकटीने तिखटाचा डबा पुढे सरकवला. "याला नको, हा रंगाने कळतो. जिऱ्याला घाला, जिरं नि धणे मलाही चुकतात."

जिऱ्याला एक बसला. डबे परत फळीवर चढले, पोचे पुढे आणि चिठ्ठ्याही पुढे. परातीत एक मोडकी चिप राहिली होती. मोठीआईने ती तोंडात टाकली, सावकाश चावली, गिळली.

"तिखट कमी पडलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."