अस्वल म्हणायचं नाही

“कशासाठी हव्यात रिव्हॉल्वरच्या गोळ्या?” दुकानदार रॉइसने विचारलं.

परास्कोव्हियाने काउंटरवरची नजर उचलून खिडकीबाहेर पाहिलं. बंदरामागचा डोंगर निम्मा ढगात होता. “पोरगी नदीवर मासे मोजायला चाललीय उन्हाळाभर,” ती म्हणाली. “जिवाला काहीतरी आधार नको?”

“कुणापासून आधार?”

“आहे एक. फिरत असतो आपला. कधी दिसतो, कधी नुसता वास येतो.”

झेनियाने हसू दाबलं. “आई, तो काय काउंटरखाली बसून ऐकतोय?”

“त्याला काउंटरखाली यावं लागत नाही.”

“तुमचं चालू दे,” असं म्हणून झेनिया दुकानाच्या मागच्या बाजूला रबरी बूट बघायला गेली.

आमच्या अलास्कातल्या कोडियाक बेटावर जुनी माणसं त्याचं नाव घेत नाहीत. उन्हाळ्यात तर नाहीच नाही. तो उभा राहिला की दाराच्या चौकटीत मावत नाही, पण कान मात्र सुईच्या नेढ्याएवढं बोलणंही टिपतात. नाव घेतलं की त्याला वाटतं, आपल्याला बोलावलं. फुशारकी मारली की वाटतं, आपल्याला डिवचलं. म्हणून ‘तो’ म्हणायचं, ‘डोंगरावरचा’ म्हणायचं, आणि माशांची पाटी घेऊन नदीवाटेने परतताना गात यायचं, म्हणजे त्याला कळतं की आपण आलोय आणि आपल्या मनात काही वाईट नाही.

*येतो आम्ही, येतो रे,*
*वाट थोडी सोड रे,*
*तुझा वाटा नदीमधी,*
*आमचा पाटीत थोडा रे.*

तिसरी ओळ मत्फेई म्हणायचा. परास्कोव्हियाचा नवरा. तिच्या मागून चालायचा, आणि तिचा श्वास संपतो तिथे त्याचा आवाज सुरू व्हायचा. बोटीवर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली आणि खांदा निखळला, तेव्हापासून त्याला रायफल उचलवत नव्हती. म्हणून भावाकडून जुनं रिव्हॉल्वर घेतलं, शहरात जाऊन त्याच्या गोळ्या आणल्या, आणि त्याच उन्हाळ्यात, मासे धुरवायच्या खोपटापाशी, तो गेला. ती त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या पितळी समया घासत होती.

त्याने चार बार काढले होते. चारही लागले होते, पोलिसांनी तसं सांगितलं. चारही लागूनसुद्धा डोंगरावरचा थांबला नव्हता. मग गावात कुजबुज सुरू झाली. मत्फेई नक्की काहीतरी बोलला असणार. नाव घेतलं असणार, नाहीतर हसला असणार त्याला. हसरा होताच तो. म्हाताऱ्या अगाफ्याने तर तोंडावर सांगितलं होतं, “तुझ्या नवऱ्याची जीभ सैल होती गं बाई.” रात्री अंथरुणावर पडली की परास्कोव्हिया मत्फेईचं एकेक वाक्य आठवून चाचपायची, कुठे निसटलं असेल ते नाव. अजूनही चाचपते.

रॉइसने मान हलवली. “समजलं, मावशी. नदीवरच्या तंबूत पोरी एकट्या असतात. असतात असले लोक. लाज वाटत असेल तर नाव नका सांगू.” त्याने मागच्या फळीवरून एक डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. “ही द्या तिला. एक लागली तरी माणूस जागेवर बसतो.”

निळा, पुठ्ठ्याचा डबा. वर सोनेरी फूल, सहा पाकळ्यांचं.

परास्कोव्हियाचा हात काउंटरवर होता तिथेच राहिला. तसलाच डबा तिच्या घरी खिडकीत होता. मत्फेईच्या रिव्हॉल्वरबरोबर पोलिसांनी तो परत दिला होता. उरलेल्या गोळ्या तिने भरतीच्या पाण्यात टाकल्या आणि डब्यात मणी ठेवले, लाल, निळे, पांढरे. त्यातूनच ती नाचणाऱ्या पोरींची शिरोभूषणं ओवायची. ते फूल तिला आवडायचं. तिला वाटायचं, कंपनीची खूण असेल.

“हे फूल कशाचं?” तिने विचारलं.

“फूल नाही ते. गोळीच आहे. तोंडाशी पोकळ असते, आत शिरली की अशी फुलते. फुलली की थांबते. आरपार जाऊन भिंतीमागे झोपलेल्या पोराला लागू नये म्हणून. माणसासाठी एक नंबर.”

“माणसासाठी.”

“हो मग. कुणासाठी हवीय?”

तिने मागे पाहिलं. झेनिया एका पायात बूट घालून उड्या मारत होती. परास्कोव्हियाने काउंटरची कड धरली. जन्मात न उच्चारलेला शब्द जिभेवर दगडासारखा बसला होता.

“अस्वल,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, “अस्वलासाठी हवीय. मोठ्या अस्वलासाठी.”

गळांच्या फळीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कोळ्याने हातातलं भेंडोळं ठेवलं, छातीवर क्रूस काढला आणि दुकानाबाहेर गेला.

रॉइस मात्र कपाळावर हात मारून हसला. “अहो मावशी, मग आधी नाही का सांगायचं! तुम्ही इथले लोक म्हणजे ना! मी पहिल्यांदा या दुकानात आलो होतो, एका उन्हाळ्यापुरता, तेव्हा असाच एकजण आला होता. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. भारी हसरा माणूस. म्हणतो, ‘रात्री खोपटाभोवती फिरतो, दार ढकलून बघतो, बायको घाबरते.’ मी विचारतोय कोण, कोण, तर म्हणे, ‘आहे एक, मोठा आहे, त्याचं नाव घेत नाही आम्ही.’ मला वाटलं, बायकोचा पहिला नवरा असणार!” त्याने तो निळा डबा बोटाने टिचकी मारून बाजूला सरकवला. “हीच दिली होती त्याला. परत काही आला नाही. म्हणजे भागलं असणार त्याचं.”

परास्कोव्हिया त्याच्याकडे बघत राहिली. गोल, भला चेहरा. चष्म्याच्या एका दांडीला चिकटपट्टी. त्या उन्हाळ्यानंतर हा आपल्या गावी परत गेला असणार, मत्फेईचं कुणी काही बोललं असेल ते याच्या कानावर गेलंच नसणार. एक वाक्य बोलायचं होतं तिला. छोटंसं. ते बोलली असती तर हा माणूस पुन्हा कधी कुणाला काही विकताना हसला नसता.

मत्फेईने नाव घेतलं नव्हतं, एवढंच तिच्या मनात आलं. इथेसुद्धा घेतलं नव्हतं.

“भागलं असेल,” ती म्हणाली. “अस्वलासाठी कुठली, ती दाखव.”

रॉइसने करडा, बिनचित्राचा डबा काढला. त्यातली एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली. कडक शिशाची, चपट्या तोंडाची, हातात थंड. “ही फुलत नाही. हाड मध्ये आलं तरी सरळ आत जात राहते. अस्वलाला हेच लागतं, खोलवर जाणारं.”

“काय चाललंय?” झेनिया बूट काखेत मारून आली. तिने डब्यावरचं वाचलं. “याहून जड नाहीत?”

“आहेत. पण मनगट बघा तुमचं,” रॉइस म्हणाला. “पहिली सुटेल आणि दुसरीच्या वेळी नळी आभाळाकडे. तो काही थांबून तुमचा नेम बसेपर्यंत वाट बघणार नाही. हीच घ्या. आणि नदीवर जायच्या आधी ओंजळभर गोळ्या इथेच झाडून बघा, रिव्हॉल्वरचं चाक नीट फिरतंय ना. नेताना छातीवर बांधा. कमरेला नको, पाण्यात वाकलात की हात पोचत नाही.”

“आमच्या टोळीकडे बंदूक आहे की एक, मोठी.”

“ती झाडाला टेकवलेली असते, ताई. आणि तुमचे दोन्ही हात माशांत.”

झेनिया हसली. परास्कोव्हिया हसली नाही. तिने तळहातावरची गोळी दुसऱ्या हाताने झाकली होती, अंडं धरावं तशी.

बाहेर बारीक भुरभुर होती. गाडीत बसताना झेनिया म्हणाली, “आई, मघाशी तू चक्क नाव घेतलंस. मी बुटांपाशी ऐकलं.”

“त्याला समजेना.”

“मी लहानपणी एकदा घेतलं होतं तर थोबाडीत दिली होतीस.”

“दिली होती.” परास्कोव्हियाने पट्टा ओढून लावला. “चल आता. गोगलगायीसारखी गाडी चालवू नकोस, दुपार व्हायला आली.”

घरी गेल्यावर तिने खिडकीतल्या डब्यातले मणी चहाच्या कपात ओतले. एक लाल मणी पुठ्ठ्याच्या घडीत अडकला होता, तो नखाने काढला. डबा चुलीत टाकला. सोनेरी फूल आधी फुगलं, मग पाकळी पाकळी आत वळली.

“डबा कुठे गेला?” झेनियाने विचारलं.

“कुजला होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर मासे मोजायला जाणारी टोळी बंदरातून निघाली. झेनिया छोट्या बोटीत पुढे बसली, छातीवर पट्टा, पट्ट्यात बापाचं रिव्हॉल्वर. दोघीही एकमेकींना ‘जपून राहा’ म्हणाल्या नाहीत. “मासे खारवून पाठव,” एवढंच आई म्हणाली. “मीठ माझ्याएवढं घाल, तुझ्याएवढं नको.”

बोट वळणाआड गेली, इंजिनाचा आवाजही विरला. परास्कोव्हिया धक्क्याच्या टोकाशी उभी होती. तिने डोंगराकडे तोंड केलं. ढग वर सरकले होते, हिरवा उतार खालपर्यंत उघडा पडला होता.

“नाव मी घेतलं,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “पोरीने नाही. तिच्या बापानेही नव्हतं घेतलं. तू तिथे होतास, तुला तर ठाऊकच होतं.”

मग खूप वर्षांनी तिने ते गाणं म्हटलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरीपाशी ती थांबली. खाली भरतीचं पाणी धक्क्याच्या लाकडी खांबांना लागत होतं. मत्फेईला त्याची ओळ म्हणायला जेवढा वेळ लागायचा तेवढा तिने जाऊ दिला, आणि मग चौथी म्हटली.